क्रॉपर्स आर्म्समधली उघडी झडप

१

क्रॉपर्स आर्म्स या पबचं दार त्या गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला उघडलं नाही. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

त्या काळी दुपारी तीनला सगळे पब बंद व्हायचे आणि साडेपाचला पुन्हा उघडायचे. कायदाच तसा होता. हार्टली सग्डन तीनला आतून कडी घालायचा आणि चर्चच्या घड्याळाचा अर्धा तासाचा टोल पडला की काढायचा. त्या दिवशी टोल पडला, बाहेर थंडीत तीन म्हातारे हात चोळत उभे राहिले, पण आत कसलीच हालचाल नव्हती.

"हार्टली! मेलास की काय आत?" सेथ क्राउदर ओरडला. गिरणीत चाळीस वर्षं मुकादमी केलेला माणूस, आवाज मोठा. बाकीचे दोघे हसले.

मग सेथने सहज मूठ फिरवून पाहिली, आणि दार उघडलं.

आत मिट्ट काळोख. सेथने चाचपडत दिवा लावला. नक्षीच्या आरशांवर, भिंतीतल्या हिरव्या फरश्यांवर उजेड पडला. सगळं जागच्या जागी होतं. फक्त काउंटरच्या मागे, स्वयंपाकघराचं दार आणि बिअरचे पंप यांच्या मधे, तळघराची झडप उघडी होती. चार फूट लांब, तीन फूट रुंद भोक. सेथने वाकून पाहिलं.

खाली विटांच्या जमिनीवर हार्टली पालथा पडला होता. भोवती फुटक्या काचा. अंग केव्हाच गार झालेलं.

"मी तसं ओरडायला नको होतं रे," सेथ नंतर मला म्हणाला. तो हे किती वेळा म्हणाला याचा मी हिशोब सोडला.

२

माझं नाव इर्विन बूथरॉइड. थर्ल्सडेनच्या कॉरोनरच्या कचेरीत मी तपासनीस होतो. माणूस अचानक मेला की तो कसा मेला हे घरोघर जाऊन विचारायचं, लिहून घ्यायचं आणि कॉरोनरसाहेबांपुढे ठेवायचं, हे माझं काम. लोक मला चहा देतात, पण पुन्हा या म्हणत नाहीत.

शुक्रवारी सकाळी गेलो तेव्हा हवालदाराने वही मिटलीच होती.

"पाय घसरला," तो म्हणाला. "अडुसष्ट वर्षांचा माणूस. बिअरचं पिंप बदलायला खाली उतरत असणार. डॉक्टर म्हणतात, तीन आणि चारच्या दरम्यान."

मी झडपेपाशी उकिडवा बसलो. खाली उतरायला शिडी होती, पंपांच्या बाजूला. हार्टली पडला होता तो उलट्या बाजूला, स्वयंपाकघराकडून येणाऱ्या अंगाला. आणि त्याच्या छातीखाली लाकडी ट्रे होता. काचा होत्या त्या बारा ग्लासांच्या, धुतलेल्या.

"तळघरात उतरणारा माणूस हातात ग्लासांनी भरलेला ट्रे कशाला घेईल?" मी विचारलं.

हवालदाराने खांदे उडवले. "विसरला असेल, झडप उघडी टाकलीय ते."

"भर दुपारी? समोर एवढं मोठं भोक दिसत असताना?"

तो दाराकडे वळला. मीही उठलो. वीस वर्षं मी इथे बिअर प्यायला येत होतो, माझे वडील येत होते, त्यांचे वडील येत होते. १८९८ साली बांधलं तेव्हापासून इथला एक खिळा हललेला नव्हता. दगडी जमीन, महोगनीचा काउंटर, भिंतीतली बोलवायची घंटा, आणि कोपऱ्यात लाकडी पडद्यांआड चार माणसांची ती छोटी खोली, जिला आम्ही स्नग म्हणतो. स्नगच्या खिडकीला नेच्याच्या पानांची नक्षी कोरलेली काच.

मागचं दार पोलिसांना कुलूपबंद मिळालं होतं. मी पुढच्या दाराला कचेरीचं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. चौकशी पुरी होईपर्यंत आत कुणीही कशालाही हात लावायचा नाही, असा कागद दारावर चिकटवला.

चिकटवताना मागून आवाज आला. "बूथरॉइड, हे कुलूप किती दिवस राहील?"

मी वळलो. फेरँड सर होते.

३

लायोनेल फेरँड म्हणजे आमचे चित्रकलेचे मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी पेन्सिल धरायला शिकवलं. मला शिकवता शिकवता त्यांनी हात टेकले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच ध्यास घेतला होता: क्रॉपर्स आर्म्स सरकारी यादीत जावं, म्हणजे त्याच्या आतल्या लाकडाला, काचेला कुणाला हात लावता येऊ नये. दोन वर्षं ते टेप घेऊन तिथे मापं काढत होते, चित्रं काढत होते, लंडनला पत्रं पाठवत होते.

"दोन-तीन आठवडे तरी, सर," मी म्हणालो. "तुम्ही काल आला होतात का?"

"बारापासून होतो. शिरताना दारातूनच 'फेरँड आलोय रे हार्टली' म्हणालो, नेहमीसारखं. त्याने अर्धा पाइंट बिअर दिली. स्नगमध्ये बसून चित्र केलं. अडीचला रिकामा ग्लास त्याच्या हातात दिला आणि निघालो. चल, तुला दाखवतो."

त्यांचं घर दोन वळणांवर होतं. चित्र फळ्यावर टाचलेलं होतं.  स्नगच्या भिंतीतल्या हिरव्या फरश्या, आणि त्यांच्या तिसऱ्या ओळीवर सोनेरी उन्हात उमटलेली नेच्याची पानं. असं वाटलं की हात लावला तर बोट ऊबदार होईल.

"सोमवार ते बुधवार नुसतं धुकं," सर म्हणाले. "काल कुठे ऊन पडलं. मंगळवारी लंडनचा निरीक्षक येणार आहे. हे त्याला दाखवायचंय." मग जरा थांबून म्हणाले, "बिचारा हार्टली."

तिथून मी सेथकडे गेलो. तो शेकोटीपाशी बसून होता, डॉमिनोची पेटी मांडीवर, न उघडलेली.

"पावणेतीनला निघालो मी," तो म्हणाला. "हार्टलीला वाटेतूनच हात केला. तो कसला बघतोय! आठवडाभर रुसला होता माझ्यावर. रस्त्यात समोरून गेला तरी ओळख देत नव्हता. मी म्हटलं, जा उडत."

"भांडण कशावरून?"

"काही नाही रे. मी डॉमिनो लबाडीने खेळतो म्हणून ओरडला. खरंतर तोच चुकीच्या सोंगट्या लावत होता. इर्विन लेका, ते दार... त्याला कडी नव्हती बघ. मूठ फिरवली आणि उघडलं. तीनला तो कडी घालणार नाही असं होईल का?"

मला ते आधीच सुचायला हवं होतं.

बिअर कंपनीचा माणूस मला हॉटेलात भेटला. डेनम प्राइस, वय पस्तीस, चकचकीत बूट. पब कंपनीच्या मालकीचा होता, पण हार्टलीचा करार तहहयात होता. तो हयात असेतो कंपनीला काही करता येत नव्हतं.

"म्हणजे त्याच्या मरणाने तुमचं फावलं," मी म्हणालो.

"उलट, मिस्टर बूथरॉइड. आमचं नुकसान झालं." त्याने बॅगेतून कागद काढला. "म्हातारा थकला होता. करार सोडायला कबूल झाला होता. आज सकाळी दहाला सही करणार होता. उद्या शनिवारी आमची माणसं येऊन आतलं सगळं काढणार होती. भिंती पाडून एक मोठा हॉल, संगीत, जुगाराची यंत्रं. आता तुम्ही कुलूप लावलंय, आणि मंगळवारी तो निरीक्षक येतोय. एकदा यादीत गेलं की खेळ संपला."

"हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"मला आणि त्याला. काल दीडला मी शेवटचं विचारायला गेलो. त्याने सरळ माझ्या डोळ्यात बघून सांगितलं, 'सही करतो, पण मास्तरांना मी स्वतः सांगणार. त्यांच्या कानावर दुसरीकडून जायला नको.' मी लगेच निघालो. अडीचला लीड्सच्या कचेरीत बैठकीत होतो, दहा माणसांसमोर."

मी चहा तसाच ठेवून उठलो. मास्तरांनी यातलं अवाक्षरही काढलं नव्हतं.

४

तरी मला विश्वास बसत नव्हता. आणि मूळ प्रश्न तसाच होता: डोळे धड असलेला माणूस उघड्या झडपेत चालत कसा गेला?

शनिवारी मी एकटाच कुलूप काढून आत गेलो. काउंटरमागे हार्टलीच्या जागी उभा राहिलो. इतक्या वर्षांत मी त्या बाजूला कधी आलोच नव्हतो. दारूच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. पहिल्या बाटलीच्या मानेला एक रबरबँड. दुसरीला दोन. तिसरीला तीन. पहिली व्हिस्की, दुसरी रम, तिसरी जिन.

वर त्याच्या खोलीत गेलो, बटण दाबलं. दिवा लागला नाही. दिवा गेलेला होता, आणि वर धुळीचा थर. पलंगाजवळ रोजच्या वर्तमानपत्रांची चळत, घडीसुद्धा न मोडलेली. आरशाच्या जागी नुसता खिळा.

मी पलंगावर बसलो. मला आठवलं, तो ग्लास भरताना बोट काठाच्या आत धरायचा. आम्ही त्याला घाणेरडा म्हणून चिडवायचो. बोटाला फेस लागला की तो पंप थांबवायचा. सेथचा हात त्याला दिसला नाही. डॉमिनोचे ठिपके दिसले नाहीत. प्राइसच्या डोळ्यात त्याने पाहिलं नव्हतं, आवाजाच्या दिशेने तोंड केलं होतं एवढंच.

हार्टली आंधळा होता, आणि आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं. कारण त्या पबमध्ये एक स्टूलसुद्धा कधी इकडचं तिकडे झालं नव्हतं. तो पावलं मोजून चालत होता.

मी थेट त्याच्या मुलीकडे गेलो. हिलरी लम शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. गुरुवारी चारपर्यंत ती तिथेच होती, ते मी तपासलं होतं. तिने दार उघडलं आणि माझा चेहरा पाहूनच ती बाजूला झाली.

"रबरबँड तू लावलेस," मी म्हणालो.

"हो." ती खुर्चीत बसली. "दोन वर्षं झाली. आधी नजरेच्या कडा गेल्या, मग सगळंच. बाबांनी मला शपथ घातली होती. कंपनीला कळलं असतं तर करार तहहयात असूनही हाकलायला निमित्त मिळालं असतं. शेवटी मीच म्हटलं, बस झालं, माझ्याकडे राहायला या. तेव्हा कुठे सहीला तयार झाले."

"तुझ्याशिवाय कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही. निदान बाबा कुणाला बोलले नाहीत." ती कपाळ चोळत राहिली. "एकदा मात्र ते पडले होते. उन्हाळ्यात. फेरँड सरांनी माप घेताना स्टूल हातभर सरकवलं होतं, बाबा धाडकन त्यावर आदळले. गुडघा फुटला. म्हणाले, 'मास्तरांना काही कळलं नाही, मी म्हटलं घसरलो.'"

मास्तरांना काही कळलं नाही! ज्या माणसाने आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं की चित्र हाताने काढायचं नसतं, बघून काढायचं असतं.

'फेरँड आलोय रे हार्टली,' ते शिरताना दारातूनच म्हणायचे. रिकामा ग्लास आम्ही सगळे काउंटरवर ठेवायचो. ते त्याच्या हातात द्यायचे.

५

मंगळवारी लंडनचा निरीक्षक आला. तरुण, चष्मा, गळ्याला लोकरीचा रुमाल. कचेरीची किल्ली माझ्याकडे, म्हणून दार मीच उघडलं. आकाश स्वच्छ होतं, दुपारचे दोन वाजले होते.

तो प्रत्येक गोष्टीला हात न लावता ओणवा होऊन बघत होता आणि हळूच "वा" म्हणत होता. मी स्नगमध्ये जाऊन बसलो आणि घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

माझ्या डोक्यात सगळं एका ओळीत लागलं होतं, पण पुरावा हवा होता. तीनला हार्टली कडी घालणार, यात शंका नाही. साडेपाचला कडी नव्हती. म्हणजे ती आतून कुणीतरी काढली. जो बाहेर गेला तो आधी आत होता. हिलरी नव्हे: ती कामावर होती, शिवाय तिच्याकडे मागच्या दाराची किल्ली होती, ती मागूनच गेली असती. प्राइस लीड्समध्ये. सेथला तर तो आंधळा आहे हेच माहीत नव्हतं, नाहीतर हार्टली आपल्यावर रुसलाय असं त्याला वाटलंच नसतं. आणि ज्याला माहीत नव्हतं, तो भर दिवसा झडप उघडून सापळा रचणार नाही. डोळस माणूस त्यात पडतच नाही. बंद व्हायच्या वेळी स्नगमध्ये गप्प बसून राहणं आणि मालकाला पत्ता न लागणं, हेही आंधळ्याच्याच घरात जमतं.

अडीच वाजले. सरांनी सांगितलेली निघण्याची वेळ. स्नगमध्ये पूर्ण सावली. खिडकीतून समोर गिरणीचं धुराडं आणि तिची उंच भिंत दिसत होती, सूर्य तिच्यामागे. हिरव्या फरश्या काळपट होत्या.

तीन वाजले. तरी सावलीच.

तीन वाजून दहा मिनिटांनी सूर्य भिंतीच्या कडेबाहेर आला. काचेतून ऊन आत शिरलं, आणि नेच्याची पानं फरशीच्या पाचव्या ओळीवर उमटली. मग हळूहळू सरकू लागली.

"किती सुंदर!" निरीक्षक माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. "कुणी याचं चित्र काढलंय का?"

"काढलंय," मी म्हणालो.

पानं तिसऱ्या ओळीवर पोचली तेव्हा घड्याळात साडेतीन वाजले होते. गुरुवारी हार्टली मेला ती हीच वेळ.

६

फेरँड सर माझी वाट पाहत असल्यासारखे बसले होते. चित्र अजून फळ्यावरच होतं.

"यादीत जाणार?" त्यांनी विचारलं.

"जाणार, सर. निरीक्षक तसं म्हणाला." मी उभाच राहिलो. "ऊन तिसऱ्या ओळीवर साडेतीनला येतं. अडीचला तिथे सावली असते."

त्यांनी चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. 

"खोटं ऊन काढायला हवं होतं," ते म्हणाले. "पण ते हाताला जमलं नसतं."

"चित्र जाळता आलं असतं."

"हो. तेही जमलं नाही."

मी बसलो. त्यांनी सगळं सांगितलं, शाळेत धडा सांगत तसं, एका सुरात. दोन वाजता हार्टली स्नगच्या दारात येऊन म्हणाला होता, मास्तर, मला माफ करा, उद्या सही करतोय. सरांनी त्याला हात जोडले. फक्त मंगळवारपर्यंत थांब म्हणाले, चार दिवस. हार्टली म्हणाला, शब्द दिलाय, आता मागे घेणार नाही.

"तीनला त्याने हाक मारली, 'कोणी राहिलंय का?' मी बोललो नाही. तो आत ग्लास धुवायला गेला. मी झडप उघडली. तुला सांगतो बूथरॉइड, झडपेची कडी हातात होती तेव्हाही मला वाटत होतं की मी नुसतं... अचानक कुणी मेलं की जागा बंद होते, एवढंच डोक्यात होतं."

"तो लगेच गेला?"

त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले.

"सर, लगेच गेला का?"

"नाही. वीसेक मिनिटं होता." त्यांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा फाटला. "त्याला माझी पावलं ऐकू आली असावीत. त्याला वाटलं मुलगी आली. 'हिलरी, हिलरी' म्हणत होता. मला दार उघडून जाता येईना. तो थांबेपर्यंत जाता येईना. मी स्नगमध्ये येऊन बसलो. ऊन आलं होतं. मी पेन्सिल उचलली."

मी फळ्याकडे पाहिलं नाही. पोलिसांना फोन त्यांच्याच घरातून केला. ते येईपर्यंत आम्ही दोघे समोरासमोर बसलो होतो. जाताना त्यांनी कोट घातला, गुंड्या नीट लावल्या आणि विचारलं, "आता ते काढून टाकणार नाहीत ना? काही झालं तरी?"

"नाही," मी म्हणालो. तेवढं मला सांगावं लागलं.

हिलरीला हे कोर्टात पहिल्यांदा ऐकावं लागू नये म्हणून मी त्याच संध्याकाळी तिच्याकडे गेलो. वाटेत दोनदा ठरवलं की शेवटचं सांगायचं नाही. पण ती मेजाशी बसून माझ्याकडे बघत होती, आणि कबुलीजबाबात ते असणारच होतं. मी सगळं सांगितलं. वीस मिनिटं. हाक. स्नग.

 तिचा नवरा चहा घेऊन आला आणि आमच्याकडे बघून परत गेला.

"गेले पाच दिवस मला एकच गोष्ट खात होती," शेवटी ती म्हणाली, "की बाबा तिथे एकटे होते. कुणी जवळ नव्हतं, कुणाला ऐकू गेलं नाही."

तिने हात मेजावर सपाट ठेवले, जणू मेज हलत होतं.

"एकटेच असते तर बरं झालं असतं, इर्विन."